अंदमानला जाणाऱ्याची पेटी

मराठी वाचकाची अंदमानशी पहिली ओळख बहुधा सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या ग्रंथातून झालेली असते, आणि त्यामुळे त्या द्वीपसमूहाचे नाव निघाले की सहल, समुद्रस्नान आणि नारळीची बने यांच्याआधी कोठडी, कोलू आणि काळे पाणी हेच शब्द मनात उभे राहतात. १८५८ च्या मार्च महिन्यात डॉ. वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याने दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी तेथे उतरविली, १९०६ मध्ये सेल्युलर कारागृहाचे बांधकाम पुरे झाले, आणि १९११ च्या जुलैत 'महाराजा' नावाच्या आगबोटीने सावरकरांना त्या बेटावर पोहोचविले. या प्रवाशांनी बरोबर काय न्यावे याची फेरिस्त सरकारदरबारी ठरत असे; तिच्यात त्यांच्या इच्छेला वाव नव्हता. आज त्याच पोर्ट ब्लेअर बंदराच्या गावी चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचते, तेथील विमानतळ सावरकरांचेच नाव धारण करतो, आणि हिवाळा आला की मुंबई-पुण्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे सहलीला निघतात. पेटीत काय भरावे हे ठरविण्याचा अधिकार आता सर्वस्वी प्रवाशाच्या हाती आला आहे, आणि अधिकाराबरोबर चुकण्याची मुभाही ओघानेच आली आहे.

सामानाच्या तयार याद्या पुष्कळ मिळतात, आणि त्या निरुपयोगी असतात असेही नाही. परंतु कोणती वस्तू कशासाठी घ्यावयाची याचे कारण ठाऊक नसेल तर मनुष्य यादीतील सगळे जिन्नस निष्ठेने गोळा करतो, त्यांत घरच्या मंडळींच्या सूचनांची भर पडते, आणि अखेरीस पंधरा किलो वजनाची मर्यादा ओलांडलेली पेटी घेऊन तो विमानतळाच्या काट्यापुढे उभा राहतो. त्यापेक्षा ज्या बेटावर जावयाचे त्याचा स्वभाव आधी समजून घेतला, तर यादी आपोआप तयार होते, आणि प्रसंगी तीतून काय गाळता येईल हेही उमगते. अंदमानच्या स्वभावाची मुख्य अंगे पाच आहेत: तेथील ऊन, तेथील ओलावा, प्रवाळांनी भरलेला समुद्र, मुख्य भूमीपासूनचे अंतर, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या व निसर्गाच्या रक्षणासाठी केलेले कायदे. पेटीतील प्रत्येक वस्तू या पाचांपैकी एकाला तरी उत्तर देणारी असावी. जी एकालाही उत्तर देत नाही ती घरी राहिली तरी बिघडत नाही.

ऊन

पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे बदलण्यात आले, ते सुमारे ११ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर वसले आहे. मुंबई १९ अंशांवर आहे. या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा की, डिसेंबरच्या अखेरीस, ज्या वेळी मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांपर्यंतच चढतो, त्या वेळीही अंदमानात तो ५५ अंशांपर्यंत जातो, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो ऐन डोक्यावर येतो. समुद्रावरचा वारा अंगाला गार लागत असल्यामुळे ही तीव्रता जाणवत नाही. कातडी भाजली आहे हे रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावरच कळते.

अक्षांशाइतकाच रेखांशही महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे प्रवाशाचे सहसा लक्ष जात नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पोर्ट ब्लेअर त्याच्याही पूर्वेस सुमारे दहा अंश आहे, आणि एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटे, तर मुंबईच्या सूर्याच्या सुमारे ऐंशी मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात तेथे साडेपाचच्या सुमारास उजाडते, खरी मध्यान्ह सव्वाअकराच्या आसपास होते, आणि सायंकाळी पाच वाजता सूर्यास्त होतो. 'अकरा ते तीन उन्हात जाऊ नये' हा मुंबईतला संकेत तेथे 'साडेनऊ ते दीड' असा वाचावा लागतो. आणि साडेपाच-सहाच्या दरम्यान किनाऱ्यावरून मुक्कामाकडे परतणाऱ्याला काळोख गाठतो, म्हणून लहानशी विजेरी ही चैनीची वस्तू न राहता गरजेची ठरते. पहाटेच्या बोटीसाठी गजराचे घड्याळ लावतानाही हाच हिशेब ध्यानात ठेवावा, कारण चहाच्या टपरीपासून मोटारवाल्यापर्यंत तेथील दिवसाचा बराचसा व्यवहार सूर्याच्या वेळेने चालतो.

आता सनस्क्रीनविषयी. बाटलीवर छापलेल्या एसपीएफच्या आकड्याबद्दल लोकांत बराच गैरसमज आहे. तीस एसपीएफचे मलम त्वचा भाजविणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडविते आणि पन्नासचे सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा मोठा झाला तरी लाभ एका टक्क्याचा. खरा फरक पडतो तो लावण्याच्या प्रमाणाने. प्रयोगशाळेत हा आकडा ठरविताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावलेले असते. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला त्या मापाने एका वेळी तीस-पस्तीस ग्रॅम मलम लागेल, आणि घाम व समुद्राचे पाणी यांमुळे ते दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावे लागेल. पन्नास मिलिलिटरची एक नळी चौघांच्या कुटुंबाला आठवडाभर पुरविण्याचा बेत केवळ गणितानेच फसतो.

या गणितातून सुटण्याचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे कापड. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा जितके अंग झाकील तितक्या अंगाला मलमाची गरजच उरत नाही. मग प्रश्न तोंड, मान, हाताचे पंजे आणि पायाच्या वरच्या बाजूचा राहतो. पांढरा, विरळ विणीचा सुती बनियन मात्र या कामी दुबळा असतो, आणि भिजला की आणखी दुबळा होतो. पाण्यात उतरताना घालण्यासाठी पोहणारे लोक वापरतात तसला अंगासरशी बसणारा, पूर्ण बाह्यांचा कृत्रिम धाग्याचा सदरा घ्यावा. प्रवाळ पाहण्यासाठी मनुष्य तासभर पालथा तरंगतो तेव्हा पाठ आणि पोटऱ्या सूर्याच्या थेट माऱ्यात असतात. टोपी रुंद काठाची आणि हनुवटीखाली बांधता येण्याजोगी असावी, नाहीतर बोटीवरच्या वाऱ्यात ती पहिल्याच दिवशी समुद्रार्पण होते. छत्रीचा उपयोग गावात; किनाऱ्यावर ती धरणाऱ्यालाच ओढून नेते.

मलम विकत घेताना त्यातील घटक वाचावेत. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायने प्रवाळांना अपायकारक ठरत असल्याचा पुरावा मिळाल्यामुळे पलाऊ या प्रशांत महासागरातील देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाई बेटांनी १ जानेवारी २०२१ पासून अशा मलमांवर बंदी घातली. त्यांच्याऐवजी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले मलम घ्यावे. ते अंगावर किंचित पांढुरके दिसते, एवढाच त्याचा दोष. अंदमानच्या प्रवाळांवर आलेले मोठे अरिष्ट समुद्राच्या वाढत्या उष्णतेचे आहे, २०१० च्या उन्हाळ्यात तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ते त्यामुळेच. तरीही जे अरिष्ट आपल्या हातात नाही त्याच्यात हातातल्या नळीने भर घालण्याचे कारण नाही.

ओलावा

अंदमानात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्याच्या आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमानच्या समुद्रात येतात. ते ओसरतात न ओसरतात तोच ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुसऱ्या पावसाचा हंगाम चालतो. जानेवारी ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात कोरडा. पण कोरडा म्हणजे पाऊस नाही एवढेच, हवेतील बाष्प त्या काळातही हटत नाही.

कपडा वाळतो तो हवेची आणखी बाष्प घेण्याची तयारी असेल तर. पुण्यात हिवाळ्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांवर आलेली असते. हवा तहानलेली असते, आणि दोरीवरचा पंचा पाहता पाहता वाळतो. अंदमानात हाच आकडा बहुतेक वेळ सत्तर ते नव्वदच्या दरम्यान असतो. तेथे हवेचे पोट आधीच भरलेले, त्यामुळे सकाळी वाळत टाकलेली जीन्सची विजार दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कमरेच्या शिवणीत ओलीच लागते. म्हणून जाड सुती कपडा, जाड टर्किश टॉवेल आणि जीन्स या तिन्ही गोष्टी घरी ठेवाव्यात, आणि पातळ सुती अथवा सुती व कृत्रिम मिश्र धाग्याचे कपडे घ्यावेत. टॉवेलाच्या बाबतीत तर आपल्या घरातील साधा पंचा या हवामानाला अधिक योग्य ठरतो: तो पातळ आहे, घडी मूठभर होते, पिळला की निम्मा वाळतो, आणि डोक्याला गुंडाळताही येतो. माणशी दोन पंचे असले की एक वाळत असताना दुसरा वापरात राहतो.

स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाचा प्रश्नही संकोचाच्या बाजूने न पाहता पाण्याच्या बाजूने पाहावा. सुती सलवार-कमीज भिजल्यावर कित्येक पट जड होते, लाटेत पायांभोवती गुंडाळते, आणि ओढणी तर पाण्यात व बोटीच्या यंत्राजवळ सर्वथा वर्ज्य. पोहण्यासाठी विणलेल्या कापडाचा, कोपरापर्यंत बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत विजारीचा पोशाख आता सर्वत्र मिळतो. तो संकोच राखतो, ऊन अडवितो आणि लवकर वाळतो.

ओल्या कपड्यांत तासन् तास वावरल्याने जांघेत व काखेत नायटा, गजकर्ण यांसारखे बुरशीचे विकार होतात, तेव्हा किनाऱ्यावर जाताना पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड ठेवावाच, आणि ओले कपडे वेगळे ठेवण्यासाठी तोंड आवळता येणारी एखादी जलाभेद्य पिशवीही घ्यावी. कातड्याच्या वस्तूंना हे हवामान विशेष जाचते. कोल्हापुरी वहाण कोरड्या रस्त्याची राणी असली तरी तिचे कातडे पाणी शोषते, मिठाने ताठरते, आणि दमट खोलीत दोन रात्रीत तिच्यावर बुरशीची पांढरी लव उगवते. तिला या सहलीपुरती विश्रांती द्यावी.

ओलाव्याचा सर्वांत चमत्कारिक प्रताप छायाचित्रे घेणाऱ्याला अनुभवास येतो. वातानुकूलित खोलीतून सकाळी बाहेर पडून तो कॅमेरा डोळ्याला लावतो आणि समोर धुक्याशिवाय काही दिसत नाही. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्प पाण्याच्या रूपाने उतरणारच. खोलीतील यंत्र २२ अंशांवर लावलेले असेल तर रात्रभर तेथे राहिलेली काच २२ अंशांची असते, आणि बाहेर येताच तिच्यावर दव जमते. काच पुसून उपयोग होत नाही, कारण ती थंड आहे तोवर दव पुनःपुन्हा येत राहते. शिवाय तेच दव भिंगांच्या आतही उतरू शकते. इलाज असा की खोलीतच कॅमेरा तोंडबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटे पिशवी उघडू नये, आणि आतील यंत्र बाहेरच्या हवेइतके उबदार झाले की मगच ते काढावे. दव जमले तर ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमेल. अशा चार-सहा पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या यांचे वजन नगण्य, पण उपकार मोठे.

समुद्र, प्रवाळ आणि बोट

कोकणात वाढलेल्या माणसाला खडकावरच्या कालवांनी तळपाय कापणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अंदमानच्या किनाऱ्याला वाळूच्या पट्ट्यापुढे बहुतेक ठिकाणी प्रवाळांचा थर आहे, आणि मेलेले प्रवाळ कालवाइतकेच धारदार असते. त्यात भर म्हणजे त्याचे सूक्ष्म कण जखमेत राहतात आणि ती लवकर भरून येत नाही. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, लक्ष्मणपूर किनाऱ्याजवळ खडकाची एक नैसर्गिक कमान आहे; तिच्यापर्यंत ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळखडकांवरून चालत जावे लागते. खडक शेवाळलेले, मधून मधून डबकी, डबक्यांत समुद्रकाकड्या, आणि फटींत काटेरी समुद्री साळी दबा धरून बसलेली. या वाटेवर गुळगुळीत तळाच्या सपाता घालून आलेले यात्रेकरू हात पसरून तोल सावरीत जाताना दिसतात, आणि त्यांतले काही सपाता हातात घेऊन अनवाणी चालण्याचा दुसरा आणि अधिक वाईट पर्याय स्वीकारतात. बोटे झाकणारे, टाचेला पट्टा असलेले, रबरी खाचदार तळाचे आणि पाणी निथळून जाईल असे पादत्राण एवढ्या एका वाटेसाठीही नेण्याजोगे आहे. तेच बोटीत चढताना, पाण्यात उतरताना आणि पावसात चालेल. जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवून पोव्हिडोन आयोडीन लावावे. त्याची लहान बाटली, जलरोधक पट्ट्या आणि एक बारीक चिमटा औषधाच्या डब्यात असावा.

अशा जागी जाण्यासाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ हवे. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधव तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. हा हिशेब कोकणच्या बंदरांवर अनुभवाने बसविलेला आहे. दुसऱ्या समुद्रातील दुसऱ्या बंदराला तो जसाच्या तसा लावू नये, कारण भरतीची वेळ किनाऱ्याच्या व समुद्रतळाच्या रचनेवर अवलंबून असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती मोठी आणि ओहोटीही खोल, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती लहान, हा नियम मात्र तेथेही खरा. त्यामुळे निघण्यापूर्वी पंचांगात तिथी पाहून ठेवणे आणि पोर्ट ब्लेअरचे त्या आठवड्याचे वेळापत्रक उतरवून घेणे यात कसलेही वजन वाढत नाही.

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जलद बोटीने दीड-दोन तास लागतात. या बोटी बहुधा बंदिस्त व वातानुकूलित असतात, आणि नेमके तेच पोटाला बाधते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हेलकावत असल्याची वर्दी देते, डोळ्यांना मात्र समोरच्या खुर्चीची स्थिर पाठ दिसत असते. या दोन परस्परविरोधी साक्षींचा निवाडा मेंदूला करता येत नाही आणि त्याचे पर्यवसान मळमळीत होते. म्हणून शक्य तर मध्यभागी, खिडकीजवळ बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, आणि वाचन टाळावे. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मेक्लिझिन किंवा सिनॅरिझिनसारखी गोळी बोट सुटण्यापूर्वीच, सांगितलेल्या वेळी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. आलेपाक आणि आवळासुपारी यांची पुडी आपल्या आज्या एस. टी.च्या प्रवासात जवळ बाळगीत असत. बोटीतही ती उपयोगी पडते, निदान आल्याच्या बाबतीत तरी आधुनिक वैद्यकाची त्याला फारशी हरकत नाही.

किनाऱ्यावरच्या वाळूत, विशेषतः सकाळ-संध्याकाळ, अगदी बारीक वाळूमाशा असतात. त्यांचा दंश होताना कळत नाही, पण खाज कित्येक दिवस टिकते आणि खाजवून फोड चिघळतात. संध्याकाळी लांब विजार, वाळूवर बसण्यासाठी जाड चादर, अंगाला कीटक दूर ठेवणारे मलम आणि खाजेवर लावण्यास कॅलामाइन लोशन, एवढी तजवीज पुरे होते.

अंतर

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे १,१९० किलोमीटर आहे आणि कोलकात्यापासून सुमारे १,२५५. दाढीच्या पात्यापासून सिमेंटच्या गोणीपर्यंत बहुतेक माल या अंतरावरून जहाजाने येतो. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नित्याच्या गरजेचे बहुतेक सर्व मिळते, परंतु तेथून पुढच्या बेटांवर दुकाने थोडी, निवड त्याहून थोडी, आणि औषधाचे विशिष्ट नाव सांगितले तर दुकानदार नम्रपणे मान हलवितो. म्हणून रक्तदाब, मधुमेह, दमा यांची नित्याची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा किमान चार दिवस अधिकची घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी.

हे चार दिवस कोठून आले, असे कोणी विचारील. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, समुद्र खवळला, बोटींची ये-जा बंद पडली, आणि हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी अडकून पडले. अखेर नौदल व तटरक्षक दल यांनी त्यांना सोडवून आणले. तेच वादळ पुढे 'वरदा' या नावाने चेन्नईवर आदळले. बेटावरच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस प्रवासी ठरवीत नाही, समुद्र ठरवितो, हे गृहीत धरूनच औषधे, लहान मुलांचे खाणे आणि रोख रक्कम यांचा हिशेब करावा. जलसंजीवनीच्या पुड्याही घ्याव्यात. पुडीवर लिहिल्याप्रमाणे संपूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी, अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकून अंदाजपंचे मिश्रण करू नये, कारण या औषधाचे सगळे मर्म प्रमाणातच आहे.

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून समुद्रतळावरून घातलेल्या सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या तारेचे उद्घाटन झाले, आणि पोर्ट ब्लेअरसह स्वराज द्वीप व इतर काही बेटे तिने मुख्य भूमीशी जोडली गेली. त्यापूर्वी उपग्रहावर विसंबून असलेला दूरध्वनी आणि इंटरनेट तेव्हापासून बरेच सुधारले. तरी लहान बेटांवर आणि किनाऱ्यांवर संदेशवहन मध्येच तुटते, आणि फोनवरून पैसे देण्याची सवय झालेल्या माणसाला शहाळेवाल्यापुढे ओशाळे व्हावे लागते. पुरेशी रोकड, तीही लहान नोटांत, दोन ठिकाणी विभागून ठेवावी. तिकिटे, हॉटेलची पावती आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र यांच्या कागदी प्रती एका जलरोधक पाकिटात असाव्यात. कागदपत्रांवर शहराचे नाव कोठे जुने, कोठे नवे आढळेल, त्याने गोंधळू नये.

विमानप्रवासाचे काही निर्बंध पेटी भरतानाच ध्यानी घ्यावेत. फोनला वीज पुरविणारी पॉवर बँक विमानतळावर सोपवावयाच्या पेटीत टाकता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, आणि शंभर वॅट-तासांपर्यंतच तिला सर्वसाधारण मुभा आहे, ३.७ व्होल्टच्या विद्युत्घटाला ही मर्यादा सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तास इतकी होते. महाराष्ट्रीय कुटुंबाला अधिक बोचणारा निर्बंध सुक्या खोबऱ्याचा आहे. खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते हवेशी संयोग पावून आपोआप तापू शकते, आणि म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत खोबऱ्याची गणना स्वयंज्वलनशील पदार्थांत होते. खोबऱ्याच्या वाट्या सामानातून काढून ठेवण्याचा प्रसंग विमानतळावर येऊ द्यायचा नसेल तर त्या घरीच ठेवाव्यात. नाहीतरी ज्या बेटावर पावलोपावली नारळ आहे तेथे खोबरे नेण्यात काय स्वारस्य! चिवडा, चकली, लाडू यांना मज्जाव नाही, मात्र दमट हवेत चिवडा एका रात्रीत सादळतो. तेव्हा मोठा डबा न नेता एका वेळी संपतील अशा लहान तोंडबंद पुड्या कराव्यात.

कायदा

अंदमानच्या जंगलात जारवा, ओंगी आणि सेंटिनली हे समाज फार प्राचीन काळापासून राहत आले आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९५६ मध्ये विनियम करण्यात आला, आणि त्यांच्या राखीव क्षेत्रात परवानगीवाचून जाण्यास बंदी झाली. बाराटांग बेटावरील चुनखडीच्या गुहा पाहण्यासाठी जाणारा रस्ता जारवांच्या क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यापासून वाहने तांड्याने, पोलीस बंदोबस्तात सोडली जातात, वाटेत थांबण्यास, छायाचित्रे घेण्यास किंवा जारवांना खाद्यपदार्थ देण्यास मनाई असते. काही प्रवासी भूतदयेने बिस्किटांचे पुडे पेटीत भरतात. त्यांनी हे जाणावे की बाहेरच्या रोगांशी कधी गाठच न पडलेल्या समाजात आपल्याला किरकोळ वाटणारा आजारही संहारक ठरतो; इंग्रजी वसाहत झाल्यावर १८७७ मध्ये गोवराची साथ आली आणि ग्रेट अंदमानी या मूळ समाजाचा मोठा भाग तिने नष्ट केला. त्या रस्त्यापुरता कॅमेरा बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवावा, आणि बिस्किटे आपल्याच मुलांना द्यावीत.

परतीच्या पेटीलाही कायदा लागू आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असो वा जिवंत, तो नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि कित्येक जातींच्या शंखशिंपल्यांनाही हे संरक्षण आहे. विमानतळावरील तपासणीत अशा वस्तू काढून घेतल्या जातात आणि प्रसंगी पुढील कारवाईलाही तोंड द्यावे लागते. लहान मुलांच्या खिशांत काय काय जमा होते हे पालकांनी निघण्याच्या आदल्या रात्री पाहावे. घेतलेच पाहिजे असे वाटले तर परवानाधारक दुकानातून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

पेटी जड झाली तर

इतके सगळे सांगून झाल्यावर पेटी काट्यावर ठेवली आणि वजन जास्तच भरले, तर काय काढावे याचाही क्रम ठरवून ठेवणे बरे. सर्वांत आधी जीन्स आणि जाड टॉवेल काढावेत, मग समारंभी कपडे, मग दुसरा-तिसरा बुटांचा जोड. वाचण्यासाठी घेतलेल्या तीन पुस्तकांपैकी दोन बिनदिक्कत काढावीत, कारण बोटीत वाचता येत नाही आणि किनाऱ्यावर कोणी वाचत नाही. पाण्यात घालावयाचा चष्मा, श्वासनळी आणि पोहण्याचे पंख ही साधने तेथे भाड्याने मिळतात, तीही काढावीत. ज्याच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे त्याने मात्र आपल्या नंबराचा पाण्यातला चष्मा शक्य तर स्वतःचाच न्यावा, भाड्याच्या पेटीत तो मिळण्याचा भरवसा नाही. साबण, तेल, दंतमंजन यांच्या मोठ्या बाटल्यांऐवजी लहान घ्याव्यात. याउपर वजन उतरत नसेल तर कपड्यांचा एक-एक जोड कमी करावा. औषधे, कागदपत्रे, रोकड, विजेरी, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, सनस्क्रीन आणि खाचदार तळाचे पादत्राण यांना मात्र हात लावू नये. ही आठ नावे एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावीत. निघण्याच्या घाईत घरातील प्रत्येक जण आपापली एकेक वस्तू आत सारीत असतो, तेव्हा काय बाहेर काढावे यावरून होणारा वाद ती चिठ्ठी बऱ्याच अंशी मिटवील.